सात आळ्यांची कृष्णाबाई

वाईत सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत अफझलखान विजापूरहून येत नाही. शाळेच्या पुस्तकात तो भर दरबारात विडा उचलतो, वाटेत देवस्थानांना उपद्रव देत येतो आणि वाईला तळ ठोकतो. माझ्या आजीच्या गोष्टीत मात्र तो आधीपासूनच वाईत असायचा. "आपल्या इथलाच सुभेदार की तो," असं ती सहज म्हणायची. बदली होऊन गेलेल्या एखाद्या मामलेदाराबद्दल बोलावं, तशी. लहानपणी मला ते आजीचं अज्ञान वाटे. पुढे पुस्तकं चाळली, तेव्हा कळलं की १६५९च्या मोहिमेआधी काही वर्षं वाईचा सुभा खरंच खानाकडे होता. मुलूख त्याच्या पायाखालचा होता, जावळीची झाडी त्याला ठाऊक होती. म्हणूनच महाराजांना गाठायला निघालेल्या त्या माणसाने छावणीसाठी वाई निवडली. इतर मराठी मुलखावर परका शत्रू चालून आला होता. वाईवर ओळखीचा माणूस चालून आला होता, आणि ओळखीच्या माणसाची भीती जास्त बारीक असते. त्याला कुणाचं घर कुठे आहे ते माहीत असतं.

कृष्णाबाईचा उत्सव त्या भीतीतून निघाला, असं वाईकर सांगतात. खानाचं संकट टळू दे, शिवाजीराजा सुखरूप राहू दे, आम्ही तुझा उत्सव करू, असा नवस गावातल्या ब्राह्मणांनी नदीला बोलला. देवाला नाही, नदीला. मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीला, म्हणजे १० नोव्हेंबर १६५९ला, प्रतापगडाच्या पायथ्याशी खान पडला. नवस फेडणं तेव्हापासून सुरू आहे ते आजतागायत.

आमचे आजोबा, अण्णा, हे शाळामास्तर. त्यांना तिथी आणि तारीख दोन्ही पाठ असायच्या आणि आजीने गोष्ट सुरू केली की ते माजघरातून दुरुस्त्या पाठवायचे. आजीच्या गोष्टीत तिथी नसे. तिच्या गोष्टीत त्या दिवशी गावात चुली उशिरा पेटल्या, कारण कुणाला भूकच नव्हती. हे तिला कुणी सांगितलं? तिच्या सासूने. सासूला? तिच्या सासूने. साडेतीनशे वर्षांत अशा किती सासवा होतात याचा हिशेब अण्णांनी एकदा मांडून दाखवला होता. आजीवर त्याचा काही परिणाम झाला नाही.

उत्सव एक नाही, सात आहेत. भीमकुंड आळी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, गंगापुरी. माघ लागला की एकेका आळीचा उत्सव सुरू होतो आणि उन्हं तापेपर्यंत नदीकाठी कुठल्या ना कुठल्या घाटावर मांडव असतोच. कृष्णाबाईची मूर्ती मांडवात बसते. कीर्तन, भजन, गाणं, बायकांचं हळदीकुंकू, आणि प्रसादाच्या पंगती. माझं आजोळ मधल्या आळीत. आजीचं कालमापन या आळ्यांवर चालायचं. "तुझ्या आईचं लग्न ठरलं ते धर्मपुरीच्या उत्सवात," असं ती सांगे आणि वाईच्या माणसाला महिना कळत असे. साल विचारलं तर ती अण्णांकडे बोट दाखवी.

मूर्तीला साडी नेसवायची, दागिने घालायचे, ओटी भरायची. नदी ही बाई आहे, आणि घरातलीच बाई आहे, हे तिथे कुणी समजावून सांगत नाही. महाबळेश्वरला ती जन्मते, तिथून खाली उतरते आणि सपाटीला लागता लागता वाईला भेटते. म्हणजे वाईला मिळते ती कृष्णा तरुण असते. सांगलीकडची पोक्त, रुंद, गढूळ कृष्णा पाहून आजी एकदा गप्प झाली होती. मग म्हणाली, "बरीच थकली इथे येईपर्यंत."

वाईला दक्षिण काशी म्हणतात. अशा दक्षिण काश्या आपल्याकडे बऱ्याच आहेत, तेव्हा त्या बिरुदाला मी फार किंमत देत नाही. पण वाईने काशी होण्यासाठी खर्च मात्र खूप केला, किंवा नेमकं सांगायचं तर रास्त्यांनी केला. रास्ते मूळचे गोखले, कोकणातले. सावकारी, सरदारकी आणि सोयरीक या तीन पायऱ्यांनी घराणं वर आलं. भिकाजी नाईक रास्त्यांची मुलगी गोपिकाबाई नानासाहेब पेशव्यांना दिली आणि वाई शनिवारवाड्याची व्याही झाली. त्यानंतर कृष्णेच्या काठावर दगड चढू लागला. आनंदराव रास्त्यांनी १७५७ साली काशीविश्वेश्वराचं देऊळ बांधलं, १७७८ साली महालक्ष्मीचं. त्यांचे भाऊ गणपतराव यांनी १७६२ साली घाटावरचा गणपती उभा केला, ज्याला सगळा महाराष्ट्र ढोल्या गणपती म्हणून ओळखतो. एका दगडातून काढलेली ती अवाढव्य मूर्ती पाहायला लोक येतात, दर्शन घेतात, फोटो काढतात आणि जातात. देवळाच्या मागे फार कुणी जात नाही.

अण्णा आम्हाला आधी मागे न्यायचे. गाभाऱ्याची मागची भिंत सरळ नाही. ती माशासारखी निमुळती होत नदीच्या प्रवाहाकडे तोंड करून उभी आहे. पूर आला की पाणी त्या टोकावर फुटतं, दोन्ही अंगांनी वाहून जातं आणि देवळाला सरळ धडक बसत नाही. "हा खरा गणपती, विघ्नहर्ता," असं अण्णा भिंतीवर थाप मारून म्हणत. आजीला हे मुळीच आवडत नसे. पण त्या भिंतीबाबतीत मी अण्णांच्या बाजूने आहे. ज्याने ती आखली त्याने एक पावसाळा तरी नुसतं काठावर बसून पाणी पाहिलं असणार. पुराच्या वर्षी पाणी देवळात शिरायचं, गणपतीच्या पायांशी यायचं, आणि गाव ते बघायला छत्र्या घेऊन जायचं. आजीच्या भाषेत ती भावंडांची भेट होती.

१७६२ हे साल पानिपतानंतरचं लगेचचं. १७६१च्या जानेवारीत गोपिकाबाईंचा थोरला मुलगा विश्वासराव पानिपतावर पडला, जूनमध्ये नवरा गेला. पुढे १७७२ला माधवराव, १७७३ला नारायणराव. तीन मुलगे आणि नवरा गमावलेल्या या बाईने शेवटची वर्षं नाशिकजवळच्या गंगापूरला काढली. पेशवाईच्या इतिहासात ती कजाग, कारस्थानी म्हणून येते. वाईच्या म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी मात्र तिच्याबद्दल वाईट शब्द मी ऐकला नाही. माहेरची माणसं ती. त्यांनी तिला दोष द्यायचं टाळलं असेल, हे मी धरून चालते. पण ज्यांना दोष द्यायला आवडतो त्यांनीही ते चार मृत्यू एका ओळीत लिहून पाहावेत.

मेणवलीचंही तसंच. वाईपासून जवळच, कृष्णेच्याच काठी नाना फडणवीसांचा वाडा आहे. खाली अर्धचंद्राकृती घाट, मेणेश्वराचं देऊळ. त्या वाड्यात मिळालेलं मेणवली दप्तर मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना माहीत आहे. अण्णांच्या दृष्टीने मेणवली म्हणजे ते दप्तर. आजी आणि तिच्या जावा मेणवलीला गेल्या की बोलायच्या ते जिऊबाईबद्दल. नाना १८०० साली वारले तेव्हा त्यांची ही शेवटची बायको अगदी लहान, परकर नेसायच्या वयाची होती. पुण्याच्या राजकारणात ती या गडावरून त्या गडावर हलवली गेली, शेवटी इंग्रजांनी वर्षासन बांधून दिलं आणि ती मेणवलीला येऊन राहिली. तिच्या डोळ्यांदेखत पेशवाई बुडाली आणि ती त्या घाटावर पाणी पाहत म्हातारी झाली. "एवढा शहाणा माणूस," आजीची धाकटी जाऊ म्हणायची, "पण घरात काय आणून ठेवलं ते कळलं नाही त्याला." साडेतीन शहाण्यांतल्या अर्ध्या शहाण्यावर इतकी नेमकी टीका मी कुठल्या ग्रंथात वाचलेली नाही.

मेणवलीच्या देवळात घंटा आहे, तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळाला घेतलेली मरियम. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांना दिल्या. त्यांपैकी ही एक. आम्ही मुलं ती घंटा बडवायला पुढे असायचो. घंटेवरची बाई कोण, असं विचारलं तर आजी म्हणे, "लेकुरवाळी आहे ना? मग हात जोड."

हंबीरराव मोहिते १६८७ साली वाईच्या परिसरात सर्जाखानाशी लढताना तोफेचा गोळा लागून पडले, ही गोष्ट मात्र आजीच्या संग्रहात नव्हती. ती अण्णांची. मराठ्यांनी लढाई जिंकली आणि सरसेनापती गमावला. अण्णा हे सांगताना उभे राहायचे. इतक्या मोठ्या घटनेचा गावात उत्सव नाही, आळी नाही, पंगत नाही, म्हणून बायकांच्या इतिहासात ती आली नसावी. ज्या गोष्टीसाठी दरवर्षी स्वयंपाक करावा लागतो, ती गोष्ट वाई विसरत नाही.

आता या गावाची एक खोड सांगितली पाहिजे. देवळं, घाट, सोवळं-ओवळं, वेदपाठ, सगळं असलेलं हे गाव. अशा गावातून जुन्याची भक्कम पाठराखण करणारी माणसं निघावीत असा आपला अंदाज असतो, आणि तशी निघालीही. पण याच गावात नारायणशास्त्री मराठ्यांनी प्राज्ञपाठशाळा चालवली. १९१६ साली तिला संस्थेचं रूप आलं. पुढे शास्त्रीबुवांनी संन्यास घेतला आणि ते केवलानंद सरस्वती झाले. शास्त्र पढवायचं, पण पाठांतर म्हणून नव्हे. त्यातला विचार उघडा करायचा, जुन्या ग्रंथांत काळानुसार काय बदलत गेलं ते मांडायचं. धर्मकोशाचं प्रचंड काम तिथूनच सुरू झालं, आणि त्याचा पहिला खंड १९३७ साली निघाला.

१९१७ साली गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन एक तरुण तिथे शिकायला आला. विनायक नरहरी भावे, म्हणजेच विनोबा. उपनिषदं, ब्रह्मसूत्रं, शांकरभाष्य यांचा अभ्यास करता करता त्याने गावातली मुलं गोळा केली. ही मुलं लोकांचं दळण दळून द्यायची आणि मिळालेल्या पैशांतून वाचनालय चालवायची. आजीच्या माहेरच्या कुणा म्हातारीने आपले गहू या मुलांकडून दळून घेतले होते. पीठ जाडंभरडं निघालं, अशी तिची तक्रार होती. ती तक्रार आमच्या घरात विनोबांच्या भूदानापेक्षा जास्त वेळा ऐकली गेली.

त्याच पाठशाळेत खानदेशातल्या पिंपळनेरचा लक्ष्मण जोशी नावाचा मुलगा आला, शिकला, तर्कतीर्थ झाला आणि वाईचाच होऊन राहिला. अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार नाही हे गांधीजींना शास्त्रातूनच दाखवून देणाऱ्या पंडितांत ते होते. १९३३ साली देवदास गांधी आणि राजाजींची मुलगी लक्ष्मी यांचं लग्न त्यांनी लावलं. वैश्य वर, ब्राह्मण वधू. जुन्या हिशेबाने प्रतिलोम विवाह. वाईच्या पुराणमतवादी घरांत तेव्हा काय बोललं गेलं असेल त्याची कल्पना करायला फार लांब जायला नको. आमच्याच घरी तर्कतीर्थांचं नाव निघालं की दोन पिढ्यांत दोन सूर लागायचे. पणजोबा म्हणत, "विद्वान आहे, पण." अण्णा तो 'पण' गाळत.

पुढे तर्कतीर्थांनी मराठी विश्वकोश वाईत आणला. मुंबई-पुणे सोडून असलं काम या एवढ्याशा गावात कसं, असं लोक विचारत. १९७६ला पहिला खंड निघाला आणि वाईला एक नवीन जमात आली: संपादक, अभ्यागत लेखक, मुद्रितं तपासणारे. घाटावर संध्याकाळी फिरणाऱ्या माणसांत अणुभट्टीवर नोंद लिहिणारा आणि अंगारकीला आलेला भाविक शेजारी शेजारी बसलेले असत. मला वाटतं, विश्वकोश वाईत रुजला तो गावाच्या चिकाटीमुळे. सात आळ्यांचा उत्सव पिढ्यान्‌पिढ्या न थकता करणाऱ्या गावाला वीस खंडांचं काय मोठंसं! विसावा खंड यायला २०१५ उजाडलं.

सात आळ्या, सात आळ्या असं मी लहानपणापासून घोकलं. मोठी झाल्यावर लक्षात आलं, की त्या मोजणीत सगळं गाव बसत नाही. पंगतीत कोण बसायचं, कोण मागून जेवायचं, पत्रावळी कोण उचलायचं, हे आजीच्या गोष्टीत येत नसे. विचारलं तर ती म्हणायची, "तेव्हाची रीत होती." एरवी भीमकुंडाच्या पंगतीत मीठ कमी पडल्याचंही तिच्या लक्षात असे. गोष्टी सांगणारी म्हातारी माणसं काय सांगतात इतकंच ऐकून चालत नाही, कुठे ती एका वाक्यात आटपतात तेही टिपून ठेवावं लागतं. पसरणी वाईपासून चालत जाण्याच्या अंतरावर, घाटाच्या पायथ्याशी. तिथले शाहीर साबळे. साने गुरुजींच्या प्रेरणेने पसरणीच्या भैरवनाथाच्या देवळात दलितांना प्रवेश मिळाला त्यात त्यांचा पुढाकार होता. हे मी आजोळी ऐकलं नाही, वाचलं. येरवड्याच्या तुरुंगाच्या भिंतीवरून निसटलेले किसन वीर याच तालुक्यातल्या कवठ्याचे. त्यांची गोष्ट अण्णा सांगत, पण दार लोटून घेऊन. बेचाळीसची चळवळ संपून कितीतरी वर्षं झाली होती तरी.

आणि अठ्ठेचाळीस. गांधीजींच्या खुनानंतर सातारा जिल्ह्यात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, त्याला आमच्याकडे नुसतं 'जळीत' म्हणतात. त्याबद्दल आजी आणि अण्णा दोघंही बोलत नसत. पाठोपाठ कूळकायदा आला, जमिनी कसणाऱ्यांच्या झाल्या, आणि घाटावरच्या वाड्यांतली मुलं पुण्या-मुंबईला नोकऱ्या शोधत गेली. मामा त्यांच्यातलाच. जमीन गेल्याचं दुःख तो आयुष्यभर बोलला. आमच्या शेतावरच्या कुळाचा नातू पुढे वाईच्या महाविद्यालयात शिकून प्राध्यापक झाला, हेही तोच सांगायचा, आणि ते सांगताना त्याचा आवाज बदलायचा. दोन्ही गोष्टी खऱ्या, आणि त्याने त्यांचा मेळ घालायचा प्रयत्न केला नाही.

सत्तरच्या दशकात वरच्या अंगाला धोमचं धरण झालं. धोम म्हणजे धौम्य ऋषींचं गाव. तिथे नरसिंहाचं देऊळ आहे, आणि कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी. धरणाने तालुक्याच्या शेताला पाणी दिलं, ऊस वाढला, हळदीच्या जोडीला नवी पिकं आली. नदीचं येणं-जाणं मात्र पाटबंधारे खात्याच्या हातात गेलं. पूर येतो, पण आधी भोंगा वाजतो. उन्हाळ्यात घाटाच्या खालच्या पायऱ्यांशी साचलेलं हिरवं पाणी आणि वाहून आलेला कचरा पाहून लोक नाक मुरडतात, आणि तिथेच पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी तिची ओटी भरलेली असते. हा विरोधाभास मला वाईपुरता वाटत नाही, पण वाईत तो जास्त टोचतो. घरातल्या बाईला नटवायचं आणि तिच्या अंगणात उष्टं टाकायचं, असा तो प्रकार आहे. अलीकडे तरुण मुलं घाट साफ करायला उतरतात, त्यांचं कौतुक केलंच पाहिजे.

घाटांना आता दुसराही धंदा मिळाला आहे. 'स्वदेस' मेणवलीला झाला, 'गंगाजल', 'ओंकारा', 'दबंग' वाई परिसरात. या चित्रपटांत वाई पडद्यावर बिहार नाहीतर उत्तर प्रदेश असते. दक्षिण काशीला उत्तरेचं तिकीट मिळालं ते असं. चित्रीकरणात गर्दी म्हणून उभं राहिलेल्या आमच्या एका आतेभावाला दिवसाचे पैसे मिळाले आणि जेवण. जेवणाबद्दल त्याचं मत चांगलं नव्हतं. पंगतीत वाढलेला माणूस तो.

आजी आणि अण्णा आता नाहीत. मधल्या आळीच्या वाड्यात माई मावशी राहते. तिच्या डोक्यात सध्या कन्यागत आहे. गुरू कन्या राशीत गेला की बारा वर्षांनी गंगा कृष्णेच्या भेटीला येते. २००४ला आली, २०१६ला आली, आता २०२८. मावशी पंचांग पाहून बसली आहे. तेव्हा सगळे वाईला येणार, उतरणार कुठे, म्हणून तिला मागच्या दाराकडून घाटाकडे जाणाऱ्या पायऱ्या नीट करून हव्या आहेत. दोन पायऱ्या पार निखळल्या आहेत. गवंड्याशी बोलून झालं. पण वाडा सामाईक. प्रॉपर्टी कार्डावर अजून अण्णांच्या भावंडांची नावं आहेत, त्यांचे वारस पुणे, नागपूर, बडोदा आणि न्यू जर्सी इथे आहेत, आणि दुरुस्तीला सगळ्यांची संमती लागते म्हणून कुणीतरी तिला सांगितलंय. तिने वहीत यादी केली आहे. सही आली की नावापुढे हळदीचा ठिपका. परवा फोनवर तिने सांगितलं की न्यू जर्सीचा ठिपका पडला, बडोद्याचा बाकी आहे, आणि तुझ्या आईच्या हिश्शाची सही तू अजून का पाठवली नाहीस?